नारिंगी शाईतला अंगठा

टूनगॅबी, सिडनी
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय श्यामे,

येऊन आठ दिवस झाले. या घरात कशाकशाला हात लावायचा नाही ते आता पाठ झालं, म्हणून निवांत लिहायला बसले. पत्रच लिहिणार आहे. माझ्या फोनवर काही लिहिलं की ते विक्रांतच्या आयपॅडवरही उमटतं, आणि मला तुझ्याशी मोकळं बोलायचंय.

नियमांची यादी फ्रिजवर आहे, प्लास्टिकच्या पाकिटात. फोडणी घरात द्यायची नाही, मागच्या अंगणात बार्बेक्यूवर द्यायची. ओले कपडे रस्त्यावरून दिसता कामा नयेत. तेल लावलेलं डोकं सोफ्याला टेकायचं नाही. सूनबाई मयूरा वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे ना, तिला जंतू दिसतात. आपल्याला दिसत नाहीत, त्याला ती बिचारी काय करणार? आणि या यादीच्या समोरच्या भिंतीवर चांगलं दोन हात उंचीचं पोस्टर आहे. त्यावर इंग्रजीत लिहिलंय, ‘कुंपण नको, मालक नको, नियम नको.’

विक्रांतला पोस्टरं जमवायचा नाद लागलाय. पन्नास वर्षांपूर्वी इथली पोरंपोरी घरदार सोडून रानात जायची, आठ-दहा दिवस गाणीबजावणी करायची, चिखलात नाचायची, अंगावर कपडे असले तर असले. त्या जत्रांची ही पोस्टरं. जांभळा, नारिंगी, पोपटी एकमेकांच्या उरावर बसवलेले. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला आपण असे रंग लावले असते तर बाईंनी पट्टी मोडली असती. अक्षरं पुरीसारखी फुगलेली, वाचायला मान वाकडी करावी लागते. मधे एक बाई, तिच्या केसांची नदी, नदीत मासे आणि माशांच्या डोळ्यांत सूर्य.

तर आपला विक्रांत आता ‘काउंटरकल्चर’चा माणूस झालाय. सोमवार ते शुक्रवार बँकेचं सॉफ्टवेअर बघतो आणि शनिवारी डागाडागांचा टी-शर्ट घालतो. केस मागे वाढवलेत. पुढे वाढवले नाहीत, कारण पुढे ते राहिलेच नाहीत. मराठी मंडळातले मित्र आले की वाइनचा ग्लास धरून सांगतो, ‘सिस्टिमच्या बाहेर विचार करायला शिकलं पाहिजे.’ मित्र माना डोलावतात आणि मग कुणाच्या घराला किती बेडरूम यावर तासभर बोलतात.

मी आले त्या दिवशी त्या पोस्टरची काच बदलायला काढली होती, म्हणून मी बोट फिरवलं. श्यामे, शाई बोटाला जाणवली गं! ऑफसेटची छपाई सपाट असते, ही कागदावर उभी होती. म्हणजे जाळीतून उतरलेली, हाताने ओढलेली. स्क्रीन प्रिंटिंग! पाच रंग, पाच वेळा. एकदम आपल्या गावभागातल्या छपाईच्या दुकानातला थिनरचा वास आला. तेवढ्यात मागून विक्रांत ओरडला, “आई, हात नको! हाताचं तेल लागतं त्याला.”

खालच्या कोपऱ्यात नारिंगी रंगात कुणाचा तरी अंगठा उमटलाय. ओला कागद उचलताना उमटतो, तसा. आपल्याकडे असा कागद मी रद्दीत टाकायचे. इथे त्या अंगठ्यावर स्वतंत्र दिवा सोडलाय.

ऑक्टोबरात ब्लॅकटाउनजवळच्या एका हॉलमध्ये अशा पोस्टरांचं प्रदर्शन आहे. त्यात हे पोस्टर मानाचं. विक्रांत भाषण करणार आणि मी नऊवारी नेसून दिवा लावणार. म्हणजे मीही प्रदर्शनातच.

शेजारी मर्ल नावाची म्हातारी एकटीच राहते. मधलं लाकडी कुंपण मोडलंय, दोन फळ्या पडल्यात. विक्रांतला तिथे माणसाहून उंच पत्रा ठोकायचाय, म्हणून त्या दोघांचं बोलणं नाही.

तुझी,
मीना


सांगली
११ मार्च २०२५

मीने,

तुझं दुःख वाचून डोळे भरून आले. बार्बेक्यूवर फोडणी म्हणजे फारच हाल गं. इकडे माझी निहारिका दर रविवारी बंगलोरहून फोन करते तो स्पीकरवर टाकून, भांडी घासताघासता. मी गुडघ्याचं सांगायला लागले की नळ मोठा होतो. तुला निदान ‘हात लावू नकोस’ म्हणायला घरात कुणीतरी आहे.

पण त्या पोस्टराचं मात्र नीट सांग. पाच रंग बिनचूक बसलेत का? कडेला कुठे पांढरी फट दिसते? आणि ते काढलं कुणी? तुझ्या पत्रात टी-शर्टाचं आहे, वाइनचं आहे, टकलाचं आहे, पण छापणाऱ्याचं नाव नाही. पद्माकररावांच्या दुकानात तू आयुष्य घालवलंस, आणि हे विचारायचं सुचलं नाही तुला?

शेजारणीशी बोल. कुंपण मुलाचं असेल, तोंड तुझं आहे.

श्यामला


टूनगॅबी
२० एप्रिल २०२५

प्रिय श्यामे,

कुणी काढलं म्हणून विचारलंस, आणि आता मला झोप नाही.

आधी विक्रांतचं उत्तर ऐक. “आई, रॉय टॅलकॉट! लेजंड आहे तो! एका गोठ्यात राहून त्याने एकट्याने हे सगळं केलं. तो अंगठा त्याचाच. द आर्टिस्ट्स थम्ब!” प्रदर्शनाच्या पत्रकातही तसंच छापून येणार आहे. हे रॉयसाहेब आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, डोंगरात त्यांचं श्वास घ्यायला शिकवण्याचं केंद्र आहे, आणि उद्घाटनाला तेच येणार आहेत.

आता दुसरं उत्तर. एके दिवशी अंगणात लसणीची फोडणी देत होते. पडलेल्या फळ्यांमधून मर्लने डोकं घातलं आणि विचारलं, काय जाळतेयस? मी म्हटलं, दाल. ती म्हणाली, “आय हेट दाल.” मला रागच आला. मग म्हणते, “एकदा दहा दिवस चारशे लोकांना रांधली होती, तेव्हापासून.” कुठे, तर एका जत्रेत. मी तिला चहाला घरात बोलावलं. विक्रांत आणि मयूरा कामावर होती.

स्वयंपाकघरात येऊन ती पोस्टरसमोर उभी राहिली ती हलेचना. मग म्हणाली, “हे माझ्या धुण्याच्या खोलीच्या दारामागे असायचं.”

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. मुलीने घरातली अडगळ काढायला सांगितलं, म्हणून तिने गॅरेजसमोर जुनं सामान विकायला मांडलं. आपले चिरंजीव गेले आणि “गॅरेजच्या भिंतीला लावायला जुना कागद हवा होता” असं सांगून ते सॉसेज-पावाच्या भावात घेऊन आले. ती म्हणाली, “गॅरेज छान झालंय तुमचं.” मला बाई मान वर करवेना.

पुढचं मोडक्या इंग्रजीत झालं, तुला मराठीत सांगते. १९७४ साली ती वीस वर्षांची होती. रॉयने पेन्सिलने चित्र काढलं आणि मग त्याचं डोकं दुखायला लागलं. ते तीन दिवस दुखत होतं. मर्ल आणि आणखी दोघी मुलींनी प्रत्येक रंगाचा साचा सुरीने कापला. रेशमी पडदा फाडून चौकटींवर ताणला. खिडकी पुसायच्या रबराने शाई ओढली आणि कागद तारेच्या कुंपणावर वाळत घातले. ‘कुंपण नको’ असं छापलेले कागद, कुंपणावर! चारशे काढले. त्यातून वेळ मिळाला की डाळ. आणि चौथ्या दिवशी रॉय उठला, सगळ्यांवर सही केली, आणि ‘हाताने काम करण्यात मुक्ती आहे’ यावर पोरांना भाषण दिलं.

मी विचारलं, “मग तो अंगठा?” तिने पुढे होऊन काचेवर उजवा अंगठा ठेवला, त्या अंगठ्याशेजारी. लहानपणी सार्डिनच्या डब्याने कापलेला आडवा व्रण आहे तिला. नारिंगीतही तीच आडवी पांढरी रेघ, अगदी तिथल्या तिथे. रॉयचा अंगठा म्हणे!

रंग बिनचूक बसलेत, श्यामे. कुठे फट नाही. खिडकीच्या रबराने! मला तसं जमलं नसतं.

विक्रांतला अजून सांगितलेलं नाही. वेळ बघून सांगीन.

मीना


सांगली
१५ मे २०२५

मीने,

वेळ कसली बघतेस? मुहूर्त काढून पाठवू का?

पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मर्लचा कळवळा आला. दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या अक्षराकडे लक्ष गेलं. ‘सही केली’ या शब्दांपाशी पेन कागदाच्या पार गेलंय. मला खरं सांग, हा राग मर्लसाठी आहे का?

‘पद्माकर आर्ट्स.’ खाली ‘प्रो. प्रा. पद्माकर माईणकर.’ त्या पाटीची अक्षरं तूच रंगवली होतीस, मी शिडी धरली होती. पद्माकररावांना थिनरने धाप लागायला लागली आणि ते पुढच्या टेबलाशी बसायला लागले, गिऱ्हाइकाला चहा पाजायला. मागच्या खोलीत शाई ओढत होतं कोण? एकतीस वर्षं? गिऱ्हाईक पत्रिका घेताना म्हणायचं, ‘माईणकरांच्या हाताला सफाई आहे हो.’ ते हसायचे. आणि तू आतून कपबशा न्यायला यायचीस, तेव्हा तूही हसायचीस. मी बघितलंय.

मेलेल्या माणसाला बोलू नये, म्हणून त्यांना काही म्हणत नाही. जिवंत आहेस तू, म्हणून तुला म्हणते. त्या परक्या म्हातारीसाठी पोटच्या पोराशी भांडायला निघालीस, चांगलंच आहे. पण भांडायच्या आधी ठरव, की कुणाची वकिली करायची आहे.

आणि जे होईल ते मला खरं कळव. तुला थाप मारता येत नाही. सातवीत असताना बाईंना सांगितलंस, वही गाईने खाल्ली. सांगलीत गाई होत्या, पण तुमच्या तिसऱ्या मजल्यावर नव्हत्या.

श्यामला


टूनगॅबी
२२ जून २०२५

प्रिय श्यामला,

पत्र पोचलं. फार लागलं. काही गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, पण तुला ते शाळेपासूनच कळलं नाही.

विक्रांतला मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. पत्रकात काय बदल करता येतो ते बघतो म्हणाला. मुलगा समजूतदार आहे. इथे आता थंडी पडलीय, मयूराने मला छान गरम मोजे आणलेत. रोज संध्याकाळी फिरायला जाते. चिंता नसावी.

मीनाक्षी


प्रेषक: विक्रांत माईणकर
प्रति: श्यामला मावशी
३० ऑगस्ट २०२५

डिअर मावशी,

कशी आहेस? निहारिकाकडून तुझा ईमेल आयडी घेतला. थोडं आईबद्दल बोलायचं होतं. ती फक्त तुझं ऐकते, सो प्लीज हेल्प.

ती सध्या फार विचित्र वागतेय. शेजारी मर्ल म्हणून एक बाई आहे, जरा एक्सेंट्रिक. आई रोज दुपारी कुंपणातून तिच्याकडे जाते. परत येते तेव्हा हात जांभळे असतात. मयूराला वाटलं ब्लड सर्क्युलेशनचा प्रॉब्लेम आहे, तिने आईला जीपीकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, शाई आहे.

जूनमध्ये आई मला म्हणाली की यलो गम फेस्टिव्हलचं ते पोस्टर मर्लने केलं. मी तिला नीट समजावलं की आर्टिस्ट वेगळा असतो आणि हेल्पर्स वेगळे. कन्सेप्ट रॉयचा, व्हिजन रॉयचं. मर्लने प्रिंटिंगला मदत केली असेल, फेअर इनफ. मी हेही म्हटलं, की आई, तू पण बाबांना दुकानात मदत करायचीस, म्हणून कुणी दुकान तुझं म्हणत नाही ना? मी एकदम लाइटली बोललो होतो. ती ताटावरून उठून गेली. तेव्हापासून फक्त कामापुरतं बोलते.

आता ऑक्टोबरच्या अकराला ओपनिंग आहे आणि ती दिवा लावायला नाही म्हणतेय. काउन्सिलला मी ‘माय मदर फ्रॉम इंडिया’ असं कळवून बसलोय, इट्स ऑन द प्रोग्रॅम. आणि मावशी, अंगठ्याचं म्हणशील तर रॉयचं नाव पत्रकात छापून झालंय. आता बदललं तर माझ्या क्रेडिबिलिटीचं काय? मी हे पोस्टर एका प्रायव्हेट कलेक्शनमधून मिळवलंय असं सगळ्यांना सांगितलंय.

तू तिला एक छान पत्र लिही ना. या वयात असे वाद कशाला? बाबा असते तर त्यांनी समजावलं असतं.

चीअर्स,
विक्रांत


प्रति: विक्रांत
१ सप्टेंबर २०२५

चि. विक्रांत,

अनेक आशीर्वाद. फोनवर एका बोटाने लिहिते आहे, म्हणून सगळे शब्द मोजून आहेत.

तुझी आई मला लिहिते की तू समजूतदार आहेस आणि तिचं सगळं ऐकून घेतलंस. तुझ्या पत्रावरून कळलं की तिने तुझी अब्रू झाकली. तिला थाप मारता येत नाही, तरी तुझ्यासाठी मारली.

‘मदत करायची’ म्हणालास. सहावीत असताना तू कागदाच्या रिमांवर बसून अभ्यास करायचास. पलीकडे खरर्र-खरर्र आवाज यायचा, आठवतो? तो तुझ्या बाबांचा नव्हता. बाबा पुढे बसून सांगलीच्या पाण्यावर चर्चा करत होते. भला माणूस होता, पण १९८८ नंतर त्यांनी शाई ओढायच्या स्क्वीजीला हात लावलेला मी पाहिला नाही.

तुझ्या लग्नाची पत्रिका तीन रंगांत होती. मोराच्या मानेत निळा आणि हिरवा एकमेकांत उतरवले होते, आठवत असेल. पुण्याहून आलास, गठ्ठा उघडलास आणि म्हणालास, ‘वॉव बाबा, एकदम प्रोफेशनल!’ आणि बाबांना मिठी मारलीस. मी तिथेच होते. तुझी आई शेजारी उभी होती, तिच्या नखांत अजून निळा होता. बाबा काही बोलले नाहीत. तीही बोलली नाही. मीही बोलले नाही, ती माझी चूक, ती आज दुरुस्त करते.

‘प्रायव्हेट कलेक्शन’ म्हणजे धुण्याच्या खोलीचं दार, हे आम्हाला सांगलीत माहीत आहे. तिकडे कधी कळवायचं ते तू बघ.

आईला मी पत्र लिहिणार नाही. दिवा लावायचा की नाही ते तिचं ती ठरवील. मयूराला सांग, शाई रॉकेलने निघते, डॉक्टरने नाही.

तुझी,
श्यामला मावशी


टूनगॅबी
१२ ऑक्टोबर २०२५

श्यामे,

तू विक्रांतला काय लिहिलंस? त्याने अजून सांगितलेलं नाही, पण महिनाभर तो माझ्याकडे असा बघत होता, जणू घरात कुणी नवीन माणूस आलंय. आणि जूनमध्ये मी तुला खोटं लिहिलं होतं. तो हसला होता. आता तुला ते माहीतच असणार.

काल उद्घाटन झालं. सगळं सांगते.

दिवा मी लावला, पण तो लावण्यासारखा नव्हताच. हॉलमध्ये ज्योत चालत नाही, म्हणून बॅटरीची समई होती. मी नऊवारी नेसून बटण दाबलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मर्लला मी ओढतच नेलं होतं, ती मागे सामोशांच्या टेबलाशी उभी होती. मी मनात ठरवून गेले होते की माइक हातात आला की बोलायचं. इंग्रजीतली सहा वाक्यं पाठ केली होती, मर्लनेच उच्चार सुधारून दिले होते. कशासाठी ते तिला सांगितलं नव्हतं.

विक्रांतचं भाषण झालं. अंगठ्यापाशी आला, अडखळला आणि म्हणाला, “हा छापणाऱ्या व्यक्तीचा अंगठा.” व्यक्तीचा! नाव नाही. सत्य गिळवतही नाही आणि थुंकवतही नाही, असं तोंड झालं होतं त्याचं.

मग रॉय उठला. पांढरी दाढी, गळ्यात रुद्राक्ष, पायात काही नाही. हॉलभर बघितलं आणि एकदम ओरडला, “मर्ल! तू अजून आहेस?” आणि लोकांकडे वळून हसतहसत म्हणाला, “अहो, सगळी छपाई या पोरींनी केली. मला तो टर्पेंटाइनचा वास सहन व्हायचा नाही. मी तीन दिवस झोपून होतो!”

सगळा हॉल हसला. टाळ्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, “सो हम्बल!” श्यामे, पन्नास वर्षं दडलेली गोष्ट त्याने विनोद म्हणून सांगून टाकली आणि त्याचंही श्रेय त्यालाच मिळालं. माझी सहा वाक्यं घशातच राहिली. आता बोलून काय उपयोग, ते तर सगळ्यांना कळलं होतं. आणि पोस्टरखालची चिठ्ठी तशीच होती: ‘कलावंत रॉय टॅलकॉट. कोपऱ्यात कलावंताचा अंगठा.’

मर्लही हसली होती. मग दिसेना. बाहेर गाड्या लावतात तिथे कठड्यावर बसली होती, सामोसा खात. मी म्हटलं, “तुला राग नाही येत?” ती म्हणाली, “नाव लक्षात होतं त्याच्या. माझी तेवढीही अपेक्षा नव्हती.”

तिच्यावर मी इतकी चिडले, की रॉयवरही तेवढी चिडले नव्हते. तरातरा आत गेले. विक्रांतला म्हटलं, “ती चिठ्ठी बदल.” तो म्हणाला, “आई, आत्ता नको ना. मंडेला काउन्सिलला ईमेल टाकतो, प्रॉमिस.”

“पेन दे.”

“आई, लोक बघतायत.”

“बघायलाच आलेत. पेन दे.”

दिलं त्याने. पन्नासेक माणसांसमोर मी चिठ्ठीवरचं ‘कलावंताचा अंगठा’ खोडलं आणि खाली इंग्रजीत लिहिलं, ‘छापणारी मर्ल डॉसन. हा अंगठा तिचा.’ कापडाच्या सेलचे फलक रंगवायचे ना मी, तसं ठसठशीत. हात जरासुद्धा हलला नाही. काउन्सिलच्या बाई धावत आल्या. “एक्सक्यूज मी, याला परवानगी आहे का? या कोण?”

विक्रांत मधे आला. रॉयकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता म्हणेल, माय मदर फ्रॉम इंडिया, सॉरी, वय झालंय.

तो म्हणाला, “शी इज अ प्रिंटर.” मग जरा मोठ्याने, “माय मम. थर्टी-वन इयर्स.”

बाई मागे सरकल्या. मी पेनला टोपण लावलं.

पुढचं तुझ्या करमणुकीसाठी सांगते. पहिली टाळी रॉयनेच वाजवली आणि त्या चिठ्ठीशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. मग रांगच लागली. चिठ्ठी खोडणं हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं बहुतेकांना वाटलं. एक मुलगी मला विचारत होती, हा परफॉर्मन्स उद्यापण आहे का? मंडळातल्या मीनाक्षी नावाच्या एका बाईने फेसबुकवर टाकलं की आपल्या मराठी आजींनी क्रांती केली. नाव सारखं, म्हणून अभिनंदन तिलाच येतायत. आणि मर्लने आत येऊन, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “नाव चुकलंय. ‘मर्ल’च्या शेवटी ‘ई’ असतो.” मी ‘ई’ घातला.

घरी येताना गाडीत मयूरा मागे झोपली होती. विक्रांत गाडी चालवत होता. टूनगॅबीच्या अलीकडे सिग्नलला थांबलो, तेव्हा समोर बघतच म्हणाला, “आई, माझ्या लग्नाची पत्रिका तू केली होतीस?”

“हो.”

“तो मोर पण?”

“हो.”

“मग मी बाबांना म्हणालो, तेव्हा तू बोलली का नाहीस?”

श्यामे, दिवसभर माझ्याजवळ प्रत्येकासाठी उत्तर होतं. रॉयसाठी होतं, काउन्सिलसाठी होतं, मर्ललाही सुनावून आले होते. या प्रश्नाला नव्हतं. कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. यांनी तर दोनदा म्हटलंही होतं, पाटीवर तुझं नाव घालू या का, आणि मीच म्हटलं होतं, कशाला, बरं दिसत नाही. हे मी तुलासुद्धा कधी सांगितलं नाही. तुला माझी दया येत होती, आणि ती मला आवडत होती.

तो वाट बघत होता. मी म्हटलं, “हिरवा झालाय. चल.”

तुझी,
मीना